फॅब निवडताना चोरीपेक्षा रांगेची काळजी कर

पुण्याच्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणाली आहे. पत्र मोठं आहे, थोडक्यात देतो. फॅब म्हणजे चिप बनवणारा कारखाना, एवढं लक्षात ठेवून वाचा.

"काका, आम्ही सहा जण मिळून सीलिंग फॅनच्या बीएलडीसी (वीज वाचवणाऱ्या) मोटरसाठी ड्रायव्हर चिप, म्हणजे मोटर चालवणारी चिप करतोय, १८० नॅनोमीटरच्या बीसीडी प्रोसेसवर (जुनी, पण जास्त करंट पेलणारी पद्धत). टेपआउट (डिझाइन पक्कं करून फॅबकडे द्यायचा दिवस) चार महिन्यांवर आलाय. दोन कोट (दराचे प्रस्ताव) हातात आहेत. एक फक्त दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या फाउंड्रीचा, तो महाग. दुसरा बाहेरच्या एका मोठ्या कंपनीचा, वेफरमागे (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप बनतात ती) १८ टक्के स्वस्त, पण ती कंपनी स्वतःच्या नावानेही मोटर ड्रायव्हर विकते, म्हणजे बाजारात आमचीच स्पर्धक. माझा पार्टनर कॉलेजपासूनचा मित्र आहे, तो म्हणतो एनडीए (गुप्ततेचा करार) आहे ना, मग स्वस्तवाला घेऊ. शिवाय म्हणतो की एका फॅबची प्रोसेसची कागदपत्रं आणि कोट दुसऱ्याला दाखवू, भाव अजून उतरेल. मला रात्री झोप लागत नाही. त्यांनी डिझाइन चोरलं तर? का गुजरातेत धोलेऱ्याला होणाऱ्या टाटांच्या फॅबसाठी थांबू?"

काका म्हणालीस म्हणून सरळ एकेरीत बोलतो. आधी उत्तर सांगून टाकतो म्हणजे आज रात्री झोप लागेल. तुझ्या जागी मी असतो तर महागवाली फाउंड्री घेतली असती. पण ज्या कारणासाठी तू घाबरली आहेस त्या कारणासाठी नाही.

डिझाइन चोरीची भीती खोटी नाही, पण तुला वाटते तेवढी मोठीही नाही. तुझी चिप एकदा पंख्यात बसून दुकानात गेली की कुणीही तो पंखा विकत आणून, चिपचं पॅकेज अ‍ॅसिडने उडवून, एकेक थराचे मायक्रोस्कोपखाली फोटो काढू शकतो, त्यासाठी त्याला फॅब असायची काही गरज नाही, हा धंदा जगभर उघडपणे चालतो आणि १८० नॅनोमीटरची चिप त्यात सोप्यांपैकी मोडते. फॅबला जीडीएस फाइल (चिपचा पूर्ण नकाशा) आयती मिळते हे खरं, पण ग्राहकाची फाइल वापरून आपली चिप काढली असं एकदा जरी सिद्ध झालं तरी त्या फॅबकडे परत कुठलाही बाहेरचा ग्राहक फिरकणार नाही, आणि हे त्यांनाही कळतं. तू एवढंच कर, आपल्याकडे २००० सालचा सेमीकंडक्टर लेआउट डिझाइनचा कायदा आहे, त्याखाली लेआउटची नोंदणी करून घे, १० वर्षं संरक्षण मिळतं. चिप विकायला लागून दोन वर्षं उलटली की नोंदणी होत नाही, म्हणून हे काम मागे टाकू नकोस.

आता खरी काळजीची गोष्ट. फॅबला तुझ्याकडून डिझाइनशिवाय अजून एक कागद जातो आणि तो दर तीन महिन्यांनी नवा जातो. फोरकास्ट. पुढच्या तिमाहीत किती वेफर, त्याच्या पुढच्या तिमाहीत किती. तो कागद जर तुझ्या स्पर्धकाच्या हातात असेल तर त्याला तुझं सर्किट उघडून बघायची गरजच नाही, तुला नवीन मोठा ग्राहक मिळाला हे त्याला तुझ्या स्वतःच्या बँकेच्या आधी कळणार. माल कुठल्या पॅकेजिंगवाल्याकडे पाठवायचा तेही त्याला माहीत. मग त्याच महिन्यात त्याचा सेल्सवाला पंख्याच्या कंपनीत जाऊन दोन रुपये कमी सांगतो आणि तू विचार करत बसतेस की ही ऑर्डर गेली कशी. यात एनडीए मोडला हे तू कधी सिद्ध करू शकशील का? मला तरी नाही वाटत.

आणि दुसरी गोष्ट रांगेची. ही मी स्वतः भोगलेली आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९९९ च्या सुमारास मी बंगलोरला एका छोट्या डिझाइन कंपनीत होतो. आमची एक टेलिफोन लाइनची चिप होती, ती अशाच एका मोठ्या कंपनीच्या फॅबमध्ये व्हायची, ते स्वतःच्या चिप बनवायचे आणि मशीन रिकामी असली की आम्हाला वेळ विकायचे. सुरुवातीला सगळं छान, आमच्याशी बोलणारा इंजिनियर तर इतका चांगला माणूस होता की दिवाळीला फोन करायचा. मग २००० ची तेजी आली. सगळ्यांच्याच ऑर्डर वाढल्या, त्यांच्या स्वतःच्याही, आणि आमचे लॉट (वेफरच्या खेपा) उभे राहायला लागले. आठ आठवड्यांचा माल अकरा आठवड्यांवर गेला, मग पंधरा, मग आम्ही विचारणं सोडलं कारण उत्तर एकच, पुढच्या आठवड्यात सांगतो. त्यात यील्ड (एका वेफरमधून चांगल्या निघणाऱ्या चिपचं प्रमाण) पडला तर बघायला माणूस नाही, कारण त्यांचे चांगले इंजिनियर त्यांच्याच चिपवर लावलेले. आमचा सगळ्यात मोठा ग्राहक सहा महिने थांबला आणि गेला. त्या फॅबने आमचा एक ट्रान्झिस्टरसुद्धा चोरला नाही, कुणी खोटंही बोललं नाही. फक्त मशीन एक आणि लॉट दोन, एक घरचा आणि एक बाहेरचा, असा प्रश्न रोज पडत होता आणि रोज त्याचं उत्तर घरच्या बाजूने लागत होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, म्हणून तर म्हणतो की माणसं चांगली आहेत का हे बघून फॅब निवडायची नाही, तिथे रोजचा हिशोब कुणाच्या बाजूने लागतो ते बघायचं.

मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये तैवानच्या शिंचूला टीएसएमसी काढली ती नेमकी या दुखण्यावर. हा माणूस २५ वर्षं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये होता, तिथे त्यांनी बघितलं की चांगले डिझाइनवाले बाहेर पडून स्वतःची कंपनी काढायला बघतात पण फॅबच्या खर्चापाशी अडतात, आणि फॅब नाही म्हणून मोठ्या कंपनीकडे उरलीसुरली मशीन मागायला गेलं की रांगेत शेवटचा नंबर, वर आपलं डिझाइन स्पर्धकाच्या टेबलावर. टीएसएमसीने सांगितलं की आम्ही स्वतःच्या नावाची एकही चिप बनवणार नाही. त्या वेळी इंटेलसकट बऱ्याच जणांनी यात पैसे घालायला नकार दिला होता, फिलिप्स आली आणि तैवान सरकारने मोठा वाटा उचलला. आज वाटतं की यांची ताकद म्हणजे ३ नॅनोमीटर वगैरे, पण सुरुवातीला टीएसएमसी तंत्रात मोठ्या कंपन्यांच्या मागेच होती, विकायला होती ती ही एकच गोष्ट, की आमच्या घरात तुमचा स्पर्धक राहत नाही.

हे वचन किती किमतीचं आहे ते शेजारच्या यूएमसीकडे बघून कळतं. यूएमसी तर आधीची, १९८० ची, स्वतःच्या चिप करणारी. १९९५ पासून त्यांनी फाउंड्रीचा रस्ता धरला तेव्हा ग्राहकांना साहजिकच शंका, की तुमचेच डिझाइनवाले आत बसलेत. मग त्यांनी डिझाइनची खाती एकेक करून बाहेर काढली आणि वेगळ्या कंपन्या केल्या. १९९७ ची मीडियाटेक त्यातलीच, जिची चिप आज आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मोबाइलमध्ये आहे. विचार कर, हातातलं एवढं चालतं खातं त्यांनी फॅबवरचा विश्वास मिळवण्यासाठी घराबाहेर घातलं.

अ‍ॅपल आणि सॅमसंगचं उदाहरण तुझ्या पार्टनरला सांग, तुमच्या भांडणाला ते एकदम लागू आहे. आयफोनची ए४ पासून ए७ पर्यंतची चिप सॅमसंग बनवून देत होती, आणि तेव्हाच गॅलक्सी फोन आयफोनच्या समोर उभा होता. एप्रिल २०११ मध्ये अ‍ॅपलने सॅमसंगवर खटला टाकला, २०१२ मध्ये ज्युरीने १०० कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरवली. आता नीट बघ, खटला फोनच्या दिसण्यावर आणि सॉफ्टवेअरवर होता, फॅबमधून चिपचं डिझाइन चोरलं असा नव्हता. तरीही २०१४ ला ए८ टीएसएमसीकडे गेली, २०१५ ची ए९ दोघांकडे, आणि २०१६ च्या ए१० पासून पुढे सगळं टीएसएमसीकडे. चिपच्या चोरीचा आरोपही नसताना एवढा मोठा ग्राहक गेला. मेमरी आणि स्क्रीन अ‍ॅपल नंतरही सॅमसंगकडून घेत राहिली, म्हणजे रागाने तोंड फिरवलं असं नाही, पण प्रोसेसर, जो फोनचा जीव आहे, तो स्पर्धकाच्या घरी ठेवायचा नाही हे ठरवलं. सॅमसंगलाही ते समजलं असणार, २०१७ मध्ये त्यांनी फाउंड्रीचा विभाग स्वतःच्या चिप डिझाइनच्या विभागापासून वेगळा केला. इंटेलही २०२१ पासून दुसऱ्यांसाठी चिप बनवायला जोर लावतेय आणि २०२४ पासून फाउंड्रीचे हिशोब वेगळे दाखवतेय, पण ज्यांच्या ऑर्डर हव्यात त्यातले कित्येक जण त्यांचेच स्पर्धक आहेत, आणि वेगळे हिशोब दाखवल्याने ती शंका एका रात्रीत जात नाही.

त्या ए९ मध्ये तुझ्यासाठी अजून एक धडा आहे. तीच चिप, पण सॅमसंगच्या हातची सुमारे ९६ चौरस मिलिमीटर आणि टीएसएमसीची १०४ च्या वर, कारण दोन फॅबसाठी लेआउट दोनदा करावा लागतो. अ‍ॅपलला ते परवडलं. तुझ्या बीसीडी चिपमध्ये तर जास्त करंटचे ट्रान्झिस्टर आहेत, ते प्रत्येक फॅबचे वेगळे वागतात, पीडीके (फॅब आपल्या प्रोसेसची माहिती आणि नियम देते तो संच) बदलला की अर्ध्याहून जास्त काम पहिल्यापासून. त्यामुळे आत्ता स्वस्तात करू, पुढे पटलं नाही तर बदलू, असं जे पार्टनर म्हणत असेल ते डोक्यातून काढून टाका. मास्कचे (वेफरवर डिझाइन उमटवायच्या साच्यांचे) पैसे आपण भरतो पण मास्क फॅबच्याच कपाटात राहतात, आणि दुसऱ्या फॅबला त्यांचा उपयोग नाही.

आता म्हणशील काका फाउंड्रीचीच बाजू घेतात. तर तसं नाही. फाउंड्री म्हणजे देव नाही, तिच्याकडेही मोठा ग्राहक पुढे आणि सहा जणांची कंपनी मागे, हे असणारच. तिथे कोण कसं आहे हे वाईट दिवशी कळतं. २००९ च्या आसपास टीएसएमसीची ४० नॅनोमीटरची प्रोसेस नीट बसत नव्हती, यील्ड खराब, ग्राफिक्स चिपवाल्या एनव्हिडियाचं मोठं नुकसान झालं आणि भरपाईवरून दोघांचं बिनसलं. मॉरिस चँग तेव्हा ७७ व्या वर्षी परत सीईओ होऊन आले होते. ते अमेरिकेत एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांच्या घरी जेवायला गेले, पिझ्झा खाऊन झाल्यावर १० कोटी डॉलरहून जास्त रकमेचा प्रस्ताव ठेवला आणि ४८ तासांत उत्तर मागितलं, हे चँग यांनीच पुढे आत्मचरित्रात लिहिलंय. एनव्हिडियाने मान्य केलं आणि पुढचं जग बघतंय. २०१९ च्या जानेवारीत त्यांच्याच ताइनानच्या फॅबमध्ये एका सप्लायरचं फोटोरेझिस्ट (वेफरवर लावायचं रसायन) खराब निघालं, हजारो वेफर बाद झाले, तर त्यांनी ते जाहीर केलं आणि त्या तिमाहीत ५५ कोटी डॉलरची विक्री कमी होईल हेही सांगितलं. चूक होणार नाही अशी फॅब जगात नाही गं, चूक झाली की फोन कोण करतं, तू त्यांना की ते तुला, हे बघायचं.

म्हणून दोन्हीकडच्या कॉलवर भावाबद्दल कमी बोल आणि हे विचार, की तुमच्याकडे मागच्या वेळी एखादा लॉट बिघडला तेव्हा ग्राहकाला किती दिवसांत कळवलं, आणि काय काय डेटा दिला. प्रत्येक लॉटचा इलेक्ट्रिकल टेस्टचा डेटा मिळणार का, का नुसतं पास झाला एवढंच. टंचाई आली तर कॅपॅसिटी कशी वाटणार, आणि ते लिहून देणार का, महिन्याला कमीत कमी इतके वेफर असं. ही प्रोसेस बंद करायची ठरली तर किती महिने आधी सांगणार आणि शेवटची मोठी ऑर्डर घ्यायला वेळ देणार का, जुन्या आठ इंची लाइनवर हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. स्वस्तवाल्यांना एक जास्तीचा विचार, आमचा फोरकास्ट तुमच्या कंपनीत नक्की कोण कोण बघतं, आणि मोटर ड्रायव्हर विकणाऱ्या विभागाचा प्रमुख आणि फाउंड्रीचा प्रमुख हे कितव्या पायरीला एकाच साहेबाला जाऊन मिळतात. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात त्यावरूनही बरंच कळेल. शक्य असेल तर त्यांच्या एखाद्या जुन्या छोट्या ग्राहकाशी बोलायला मागा, मोठ्या नको, तुमच्याएवढ्याच.

विश्वास एका बाजूने चालत नाही, आणि यावर मला तुझ्या पार्टनरशी थोडं कडक बोलायचंय. एका फॅबची प्रोसेसची कागदपत्रं दुसऱ्याला दाखवायची नाहीत. अजिबात नाही. तो पीडीके तुम्हाला एनडीएवर मिळालाय, तो त्यांचा जीव आहे जसा तुमचा जीडीएस तुमचा. आपलं डिझाइन चोरीला जाईल म्हणून रात्रभर जागायचं आणि सकाळी दुसऱ्याचं गुपित तिसऱ्याच्या हातात द्यायचं, हे कसं चालेल? ही लोकं अशा बाबतीत माफ करत नाहीत. टीएसएमसीने चीनच्या एसएमआयसी या फाउंड्रीवर गुपितं चोरल्याचा दावा २००३ मध्ये लावला, २००५ ला तडजोड झाली, ती मोडली म्हणून परत कोर्ट, आणि २००९ मध्ये एसएमआयसीला २० कोटी डॉलर आणि वर शेअर द्यावे लागले, तिच्या संस्थापकांना पद सोडावं लागलं. तुम्ही एवढे मोठे नाही, तुमच्यावर कोर्टात कुणी जाणार नाही. फक्त या धंद्यात माणसं मोजकी आहेत, आज इथला सेल्सवाला उद्या तिथे असतो, आणि तुमचे फोन कुणी उचलणार नाही. दुसरा कोट हातात आहे, भाव अजून बसवा, एवढं तोंडी सांगणं ठीक, सगळेच करतात. कागद पाठवायचा नाही.

फोरकास्टही खरा द्या. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगभरच्या गाडीवाल्यांनी चिपच्या ऑर्डर कापल्या, ती जागा लॅपटॉप आणि मोबाइलवाल्यांनी घेतली, आणि सहा महिन्यांत गाड्यांची मागणी परत आली तेव्हा यांना रांगेच्या शेवटी उभं राहावं लागलं. सप्टेंबर २०२१ मध्ये महिंद्राला चिप मिळत नाहीत म्हणून सातेक दिवस उत्पादन बंद ठेवावं लागलं, चाकण-नाशिककडच्या लोकांना ते दिवस आठवत असतील. छोट्या ग्राहकाकडे फॅबला द्यायला पैसे फार नसतात, पण सांगितले तेवढेच वेफर उचलले, वेळेवर पैसे दिले, मागणी कमी होणार असेल तर आधी सांगितलं, हे तीन वर्षं केलं की टंचाईत तुमचं नाव घेणारा एक माणूस तरी आत तयार होतो.

१८ टक्क्यांचाही हिशोब एकदा कागदावर मांडा. ते १८ टक्के वेफरवर आहेत, चिपवर नाहीत. चिपच्या किमतीत पॅकेज आहे, टेस्टिंग आहे, वाया जाणारा माल आहे. वेफरचा वाटा निम्मा धरला तर चिपमागे ९ टक्के, आणि स्वस्त फॅबचा यील्ड थोडा जरी कमी आला किंवा एक शिपमेंट दीड महिना लांबली तर ते ९ टक्के कुठल्या कुठे जातात. महागवाल्यांकडे थेट जाणं झेपत नसेल तर एग्रिगेटरमार्फत जा, ते बऱ्याच छोट्या कंपन्यांचं काम एकत्र करून फॅबकडे नेतात, थोडं कमिशन जातं पण निदान फोन करायला हक्काचा माणूस मिळतो. केंद्राच्या डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्हमध्ये खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत परतावा होता, एका अर्जाला १५ कोटींच्या मर्यादेत, आणि ती योजना बघणारी सरकारी संस्था सीडॅक तर तुझ्या पुण्यातच आहे, सध्या अर्ज घेतायत का ते जाऊन विचार.

धोलेऱ्यासाठी थांबू नकोस. आपल्या देशात फॅब होतेय याचा मला मनापासून आनंद आहे, ९१ हजार कोटींचं काम आहे, तैवानच्या पीएसएमसी या फाउंड्रीचं तंत्र आहे. पण त्यांनी जाहीर केलेले नोड २८ पासून ११० नॅनोमीटरपर्यंतचे आहेत, तुझा १८० बीसीडी त्यात नाही. आणि नव्या फॅबमध्ये पहिल्या वर्षी आपली पहिली चिप घालणं सहा जणांच्या कंपनीने करू नये. तुमची दुसरी किंवा तिसरी चिप तिथे झाली तर मला जरूर कळव, पेढे मी पाठवीन.

मित्राशी भांडू नकोस. त्याला पैशाची काळजी आहे आणि ती बरोबरच आहे, कुणाला तरी ती असायलाच हवी. दोघं बसून चिपमागचा हिशोब मांडा, त्यात माल दीड महिना लांबला तर काय होईल ती एक ओळ त्यालाच भरू दे. आणि या आठवड्यात काहीही ठरलं नाही तरी फाउंड्रीला विचारून त्यांच्या पुढच्या एमपीडब्ल्यू शटलची (एकाच वेफरवर बऱ्याच कंपन्यांच्या चिप एकत्र काढायची फेरी) तारीख आणि त्यात जागा आहे का ते लिहून घे, कारण शटल एकदा चुकली की पुढच्या शटलसाठी कित्येक आठवडे नुसतं बसून राहावं लागतं आणि तोवर सहा पगार चालूच राहतात.